शाळेत, बसमध्ये आणि मोबाइलवर होणारा छळ : सीमाभागातील पालकांनी आणि मुलांनी काय करावे

बेळगाव, खानापूर, निपाणी, हल्याळ या पट्ट्यातील मराठी घरांमध्ये सातवीनंतरचे वर्ष अवघड असते. गावातली मराठी शाळा संपते. काही मुले तालुक्याच्या मराठी हायस्कूलमध्ये जातात, काही कन्नड किंवा इंग्रजी माध्यमात. आणि ज्या मुलाला कालपर्यंत सगळी शाळा नावाने ओळखत होती, ते एकाएकी अनोळखी मुलांनी भरलेल्या वर्गात मागच्या बाकावर जाऊन बसते. नवे ठिकाण, वेगळे बोलणे, सोबतीला कोणी नाही, आणि घरी सांगावे तर "एवढ्याने काय होते, दुर्लक्ष कर" हे उत्तर ठरलेले. छळ करणाऱ्या मुलांना असेच मूल लवकर सापडते.

आपल्या भागात याला आणखी एक पदर आहे, आणि तो सांगण्यासाठीच हे लिहीत आहे. इथे मुलाच्या छळाची तक्रार पाहता पाहता भाषेचे भांडण होऊन बसते. दोन मुलांमधली गोष्ट गावच्या कट्ट्यावर पोहोचते, तिथून कोणाच्या तरी मोबाइलवर आणि मग मोर्च्यापर्यंत. ज्या मुलाला त्रास झाला त्याचे पुढे काय झाले हे मात्र कोणीच विचारत नाही. मुलांनाही हे कळते. आपण तोंड उघडले तर मोठा गोंधळ होईल या धास्तीने ती गप्प बसतात. म्हणून छळ लवकर ओळखावा, तो त्या मुलाचाच प्रश्न म्हणून हाताळावा आणि नेमक्या शब्दांत, लेखी स्वरूपात पुढे न्यावा.

भांडण कोणते आणि छळ कोणता

मुलांमधल्या छळाचा पद्धतशीर अभ्यास नॉर्वेचे मानसशास्त्रज्ञ डॅन ओल्व्हेयस यांनी १९७० च्या दशकात सुरू केला. त्यांनी सांगितलेल्या तीन खुणा आजही जगभर वापरल्या जातात : त्रास मुद्दाम दिला जातो, तो पुन्हा पुन्हा होतो, आणि देणारा व सोसणारा यांच्या ताकदीत फरक असतो. क्रिकेटमध्ये बाद देण्यावरून दोन मित्र हमरीतुमरीवर आले आणि दुसऱ्या दिवशी एकाच सायकलवरून शाळेत गेले, तर ते भांडण. तीच दोन मुले रोज एकाच तिसऱ्याची पाण्याची बाटली लपवतात, आणि तो काही करू शकत नाही हे त्यांना ठाऊक आहे, तर तो छळ.

ताकद म्हणजे केवळ अंगातले बळ नव्हे. चारजणांची टोळी ही ताकद आहे, वरच्या वर्गात असणे ही ताकद आहे, वडील गावात वजनदार असणे ही ताकद आहे, कोणाचा तरी लाजिरवाणा फोटो आपल्या मोबाइलमध्ये असणे ही तर फार मोठी ताकद आहे. आणि वर्गाची भाषा सफाईने येणे हीसुद्धा ताकदच आहे. कन्नड वाचताना अडखळणाऱ्या मराठी मुलाची नक्कल केली जाते. तशीच मराठी मुलांच्या घोळक्यात एकट्या पडलेल्या कन्नड किंवा उर्दू बोलणाऱ्या मुलाचीही केली जाते. दुसरी बाजू आपल्याला दिसत नसेल, तर पहिल्या बाजूबद्दलच्या आपल्या तक्रारीला शाळेत वजन राहत नाही. शिवाय मराठी मुलेच मराठी मुलांना छळतात हेही विसरू नये. "काय करूलालास?" असे सहज विचारणाऱ्या खेड्यातल्या मुलाची शहरातली मुले दिवसभर टर उडवतात. जातीवरून, रंगावरून, जाडीवरून, तुटक्या चपलेवरून, आई कोणाच्या घरी भांडी घासते यावरून होणाऱ्या त्रासाला भाषेची सीमा नसते.

मारहाण दिसते, म्हणून तिची दखल तरी घेतली जाते. वाळीत टाकणे दिसत नाही. डबा खाताना जागा न देणे, ग्रुपमधून नाव काढणे, ती येताच सगळ्यांनी बोलणे थांबवणे, एखादीच्या नावाने खोटी गोष्ट पसरवणे, हे प्रकार मुलींमध्ये विशेष आढळतात. अशा वेळी शिक्षकांना वर्ग शांत आणि शिस्तीचा वाटतो. माझ्या मते या प्रकाराने होणारे नुकसान चापटीपेक्षा कमी नसते.

घरी काय दिसते

मूल "माझा छळ होतो" असे म्हणत नाही. एखाद्या संध्याकाळी ते म्हणते, "आई, उद्यापासून मी सातच्या गाडीने जाऊ?" शाळा दहाला भरत असताना सातची गाडी कशाला, असे विचारले की "अभ्यास होतो" असे उत्तर येते. खरे कारण नऊच्या गाडीच्या मागच्या सीटवर बसलेले असते. वेळ बदलणे, वाट बदलणे, मुद्दाम बस चुकवणे ही पहिली खूण समजावी. शाळेतून आल्यावर अधाशासारखे खाणे हीही खूण आहे, कारण डबा दुसऱ्यांनी संपवलेला असतो. पेन, कंपास, पैसे वारंवार हरवतात. रविवारी रात्री किंवा ठरावीक तासाच्या दिवशी पोटात दुखते. मोबाइल वाजला की चेहरा उतरतो, आणि तो उलटा ठेवला जातो.

सीमाभागात आणखी एक खूण नीट लक्षात ठेवावी. मूल चारचौघांत मराठी बोलायचे टाळू लागते, आईचा फोन आला की कोपऱ्यात जाते, "शाळेच्या गेटवर आलीस तर माझ्याशी बोलू नको" असे आईला सांगते. पालकांना याचा राग येतो, मूल आपल्याला लाजते असे वाटते. पण राग बाजूला ठेवून, गेटवर कोण उभे असते याचा शोध घ्यावा.

यांपैकी एखादी गोष्ट वेगळ्या कारणानेही होऊ शकते. दोन-तीन खुणा एकत्र दिसल्या आणि दोन आठवडे टिकल्या, तर बोलायची वेळ झाली असे समजावे.

विचारावे कसे

समोर बसवून, डोळ्यांत डोळे घालून, "खरं सांग, काय झालं?" असे विचारल्यावर बहुतेक मुले काहीच सांगत नाहीत. गाडीवर मागे बसवून शेताकडे जाताना, शेंगा फोडताना, भांडी पुसताना विषय काढावा. प्रश्न मुलाबद्दल नसावा, जागेबद्दल असावा : बसमध्ये तू कुठे बसतोस, डबा कोणाबरोबर खातेस, मधल्या सुट्टीत कुठे असतोस, वर्गात कोणाला सगळ्यात जास्त चिडवतात? शेवटच्या प्रश्नाचे उत्तर कधी कधी "मला" असे येते.

उत्तर आल्यावर पहिली दोन वाक्ये फार महत्त्वाची असतात. "तू सांगितलंस ते बरं केलंस. यात तुझी चूक नाही." एवढेच म्हणावे आणि ऐकावे. "तू काय केलं होतंस?", "तुलाच का त्रास देतात?", "आमच्या वेळी तर..." हे प्रश्न आणि किस्से त्या दिवशी नकोत. वडिलांनी तत्काळ गाडीला किक मारून त्या मुलाच्या घरी जाऊ नये, कारण दुसऱ्या दिवशी बसमध्ये एकटे जायचे असते ते आपल्या मुलाला. पुढे काय करायचे ते त्याला विचारून ठरवावे. मात्र "कोणालाच सांगणार नाही" असे वचन देऊ नये. "तुला सांगितल्याशिवाय काही करणार नाही" असे वचन द्यावे आणि ते पाळावे.

मूल "जगून काय उपयोग" अशा अर्थाचे काही बोलले, किंवा आवडीच्या वस्तू वाटून टाकू लागले, तर जिवाचे काही करून घेण्याचा विचार मनात येतो का, हे सरळ आणि शांतपणे विचारावे. विचारल्याने तसा विचार डोक्यात शिरत नाही. उलट मनातले बोलायला वाट मिळते. अशा मुलाला एकटे सोडू नये आणि डॉक्टरांकडे न्यायला उशीर करू नये. केंद्र सरकारची टेली-मानस ही मानसिक आरोग्याची सेवा १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र मोफत मिळते.

एक वही ठेवावी

कोणाकडेही जाण्यापूर्वी घरी साधी वही करावी आणि तारीख, वेळ, जागा, कोण होते, काय बोलले किंवा केले, कोणी पाहिले, हे मुलाच्याच शब्दांत लिहावे. "नेहमी त्रास देतात" या वाक्यावर मुख्याध्यापक काही करू शकत नाहीत. "मंगळवारी मधल्या सुट्टीत नळाजवळ तिघांनी दप्तर उलटे केले, वह्या पाण्यात टाकल्या, वर्गातल्या दोन मुलींनी पाहिले" या वाक्यावर मात्र त्यांना काही तरी करावेच लागते. फाटलेला शर्ट, भिजलेली वही यांचे फोटो काढून ठेवावेत.

मुलाला हाताशी काय द्यावे

"तूही एक ठेवून दे" हा सल्ला आपल्याकडे सर्रास दिला जातो आणि तो वाईट सल्ला आहे. ताकद असमान असते म्हणून तर तो छळ. एकट्याने चौघांवर हात उगारला तर मारही त्यालाच बसतो आणि शाळेच्या दप्तरी मारामारीत नावही त्याचेच लागते.

त्याऐवजी एक छोटे वाक्य, सरळ उभे राहून, आवाज न चढवता म्हणायची घरी तालीम करून घ्यावी. समोरची मुले कन्नड बोलणारी असतील तर वाक्य कन्नडमध्येच असावे. "साकु, बिडु", म्हणजे पुरे, सोड, हे दोन शब्द स्वच्छ उच्चारता आले तरी मूल तोंड वासून उभे राहत नाही. म्हटल्यावर तिथे थांबायचे नाही, मोठ्या माणसांच्या किंवा मित्रांच्या दिशेने चालू लागायचे. कन्नड वाचनावरून चेष्टा होत असेल, तर रोज थोडे मोठ्याने वाचून घेण्याचा उपयोग होतो. पण चेष्टा थांबवण्याची जबाबदारी त्यामुळे मुलावर येत नाही, हेही त्याला सांगावे.

बसचा प्रश्न वेगळा आहे, कारण बस मुख्याध्यापकांच्या नजरेखाली नसते. जून २०२३ मध्ये कर्नाटक सरकारच्या शक्ती योजनेत महिलांचा आणि मुलींचा प्रवास मोफत झाल्यापासून शाळेच्या वेळेच्या गाड्या खचाखच भरतात, आणि त्या गर्दीत धक्काबुक्की, दप्तर ओढणे, अंगाला हात लावणे सहज लपते. शक्यतो पुढच्या दाराजवळ, कंडक्टरच्या जवळ उभे राहावे. गावातल्या तीन-चार मुलांनी एकत्र चढावे आणि एकत्र उतरावे. पालकांनी एकदा त्या कंडक्टरांना भेटून सांगावे, "मामा, ही माझी मुलगी, जरा लक्ष असू द्या." फरक पडला नाही तर गाडीचा क्रमांक, मार्ग आणि वेळ लिहून वायव्य कर्नाटक परिवहनच्या डेपो मॅनेजरकडे अर्ज द्यावा.

शाळेकडे कसे जावे

प्रथम वर्गशिक्षकांना, शाळा सुटल्यावर, एकट्याने भेटावे. आवाज चढवू नये. वहीतल्या दोन-तीन नोंदी वाचून दाखवाव्यात आणि "तुम्ही काय करू शकाल आणि मी पुन्हा कधी भेटू?" असे विचारून तारीख घ्यावी. आठ दिवसांत बदल दिसला नाही तर मुख्याध्यापकांना लेखी अर्ज द्यावा. अर्ज असा असला तरी पुरे :

"माझी मुलगी आपल्या शाळेत आठवीत शिकते. गेल्या तीन आठवड्यांपासून तिच्या वर्गातील काही विद्यार्थिनी तिला ठरवून त्रास देत आहेत. तारीखवार तपशील सोबत जोडला आहे. मधल्या सुट्टीत आणि शाळा सुटताना तिच्या सुरक्षिततेची व्यवस्था करावी, संबंधित मुलींशी व त्यांच्या पालकांशी आपण स्वतंत्रपणे बोलावे, आणि काय केले ते मला आठ दिवसांत कळवावे, ही विनंती."

या अर्जात भाषेचा, जातीचा, पक्षाचा उल्लेख फक्त तेव्हाच यावा, जेव्हा शिवीच त्यावरून दिलेली असेल. आणि तेव्हा ती शिवी जशीच्या तशी लिहावी, त्यावर भाष्य करू नये. नोव्हेंबरच्या पहिल्या तारखेच्या आसपास, जेव्हा एकीकडे कर्नाटकाचा राज्योत्सव आणि दुसरीकडे सीमाभागातील मराठी भाषकांचा काळा दिन असतो, तेव्हा मुलांच्या तोंडी मोठ्यांची वाक्ये येतात. त्या दिवसांत शिक्षकांनी वर्गावर जास्त लक्ष ठेवावे, आणि पालकांनी आपल्या तक्रारीचे पत्र कोणत्याही संघटनेच्या हाती जाऊ देऊ नये. मदतीला कोणी येत असेल तर मदत एवढीच मागावी, की त्यांनी मुलाचे नाव आणि फोटो कुठेही टाकू नये.

अर्ज मराठीत दिला तर घेणार नाहीत, अशी भीती अनेकांना असते. राज्यघटनेच्या ३५० व्या अनुच्छेदानुसार गाऱ्हाणे मांडण्यासाठी केंद्रात किंवा त्या राज्यात वापरल्या जाणाऱ्या कोणत्याही भाषेत निवेदन देण्याचा अधिकार प्रत्येकाला आहे. तरीही व्यवहाराची गोष्ट म्हणून सोबत कन्नड प्रत जोडावी, कारण वरच्या कार्यालयात कागद तिच्यामुळे लवकर हलतो, आणि आपले काम मुलाला लवकर सुरक्षित करणे हे आहे. दुसऱ्या प्रतीवर पोच घ्यावी. सरकारी शाळेत एसडीएमसी, म्हणजे शाळा विकास व देखरेख समिती, पालकांचीच असते. तिच्या बैठकीत नाव न घेता विषय मांडता येतो. त्यानंतरची पायरी बीईओ, म्हणजे गटशिक्षणाधिकारी, यांच्या कार्यालयाची, आणि पुढची आपल्या शैक्षणिक जिल्ह्याच्या (उदाहरणार्थ बेळगाव किंवा चिकोडी) उपसंचालकांची. त्रास देणारे शिक्षकच असतील तर पहिलीच पायरी बीईओंची धरावी; सहा ते चौदा वर्षांच्या मुलांना शारीरिक शिक्षा करणे किंवा मानसिक त्रास देणे शिक्षण हक्क कायदा, २००९ च्या कलम १७ नुसार मना आहे.

शिक्षकांना एक विनंती आहे. छळ करणाऱ्याला आणि सोसणाऱ्याला समोरासमोर उभे करून "हात मिळवा, झालं गेलं विसरा" असे करू नये. भांडणात ते चालते, छळात नाही. दुबळ्याला त्या खोलीत खरे बोलता येत नाही, आणि बाहेर पडताच "सांगितलंस ना, आता बघ" हे ऐकावे लागते. दोघांशी वेगवेगळे बोलावे.

मोबाइलवरचा त्रास

राग आला की मजकूर पुसून टाकावासा वाटतो, पण तोच पुरावा असतो. आधी स्क्रीनशॉट घ्यावेत, त्यात नाव किंवा नंबर, तारीख आणि वेळ दिसली पाहिजे. मग ब्लॉक करावे आणि त्या ॲपकडे तक्रार नोंदवावी. उलट शिवीगाळ करू नये, कारण नंतर दोन्ही बाजू सारख्याच दिसतात. मुलाचा मोबाइल शिक्षा म्हणून काढून घेऊ नये. तसे केले तर पुढच्या वेळी ते सांगणारच नाही.

अठरा वर्षांखालील कोणाचाही अश्लील फोटो किंवा व्हिडिओ फिरत असेल तर तो "पुरावा म्हणून" सुद्धा कोणाला पाठवू नये, जतन करू नये आणि त्याचा स्क्रीनशॉटही घेऊ नये. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६७ब नुसार असे साहित्य पसरवणे, साठवणे आणि पाहणेही गुन्हा आहे, आणि पहिल्याच वेळी पाच वर्षांपर्यंत कैद व दहा लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. कोणत्या खात्यावरून, कोणत्या ग्रुपवर, किती वाजता आले, एवढे लिहून थेट पोलिसांकडे किंवा राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार करावी. बदललेला, म्हणजे एखाद्याचा चेहरा दुसऱ्या शरीरावर चिकटवलेला, फोटो असला तरी मार्ग तोच. धमकी देणाऱ्याला पैसे देऊ नयेत. दिले की मागणी वाढते.

बघणारी मुले

छळाच्या प्रसंगी सहसा आजूबाजूला चारदोन मुले उभी असतात. कॅनडात शाळांच्या मैदानांवर चित्रीकरण करून केलेला एक अभ्यास २००१ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात बघणाऱ्या मुलांपैकी कोणी मध्ये पडले की निम्म्याहून अधिक प्रसंग दहा सेकंदांत थांबल्याचे दिसले. मध्ये पडणे म्हणजे मारामारी करणे नव्हे. "चल, सर बोलावतायत" म्हणून त्या मुलाला तिथून घेऊन जाणे, डबा खायला शेजारी बोलावणे, ग्रुपवर आलेला फोटो पुढे न पाठवणे, हे कोणत्याही मुलाला जमते. आपल्या मुलाला हे शिकवताना दुसऱ्या भाषेच्या मुलासाठीही तसेच करायचे, हे आवर्जून सांगावे.

आपलेच मूल छळत असेल तर

शाळेतून तसा निरोप आला की पहिली प्रतिक्रिया "आमचा तसा नाही" अशी असते. ती गिळावी आणि तपशील ऐकावा. घरी मारू नये, कारण ताकदवानाने दुबळ्याला मारले तर चालते हाच धडा त्यातून मिळतो. काय केले ते त्याच्याच तोंडून वदवून घ्यावे, मोडलेली वस्तू त्याच्या खाऊच्या पैशांतून भरून द्यायला लावावी आणि पुढचा महिनाभर शिक्षकांकडे विचारपूस करत राहावे. आपण घरी बातम्या बघताना दुसऱ्या भाषेच्या, दुसऱ्या जातीच्या माणसांबद्दल काय बोलतो, हेही त्या वेळी आठवून पाहावे.

बाहेरची मदत

मुलांसाठीची हेल्पलाइन १०९८ ही आहे. ती चोवीस तास मोफत आहे आणि मूल स्वतःही फोन करू शकते. तातडीच्या धोक्यात ११२. लैंगिक स्वरूपाचा त्रास असेल तर तो शाळेने आपसात मिटवायचा विषय नाही : २०१२ च्या पोक्सो कायद्यानुसार, माहिती असणाऱ्या प्रत्येकावर पोलिसांना कळवण्याचे बंधन आहे, मग तो शिक्षक असो की शेजारी. तक्रारीमुळे समोरचे मूल तुरुंगात जाईल ही भीती बाळगू नये. अठरा वर्षांखालील मुलांचे प्रकरण प्रथम बाल न्याय मंडळापुढे जाते आणि तिथे सुधारण्यावर भर असतो. कॉलेजात किंवा त्याच्या वसतिगृहात होणाऱ्या रॅगिंगला कर्नाटक शिक्षण कायदा, १९८३ नुसार बंदी आहे, आणि पदवी महाविद्यालयांसाठी विद्यापीठ अनुदान आयोगाची हेल्पलाइन १८००-१८०-५५२२ आहे.

तक्रारीनंतरचे दिवस

तक्रार दिल्यावर पहिला आठवडा जास्त जपण्याचा असतो, कारण छळ करणारे सूड म्हणून एकदा तरी प्रयत्न करतात. त्या आठवड्यात शक्य असेल तर बसस्टॉपपर्यंत कोणी तरी सोबत जावे. वही चालू ठेवावी. दोन आठवड्यांनी, मग महिन्याने, शिक्षकांना पुन्हा भेटावे, आणि मुलाला "आता बरं आहे ना?" असे न विचारता पुन्हा तेच विचारावे : बसमध्ये कुठे बसलास, डबा कोणाबरोबर खाल्लास?

सगळे करूनही शाळा हलत नसेल तर शाळा बदलणे ही हार नाही. मुलाला बरोबर घेऊन, नवी शाळा आधी पाहून, तो निर्णय करावा. आठवीपर्यंतच्या मुलाला कोणत्याही कारणाने दुसऱ्या सरकारी किंवा अनुदानित शाळेत जाण्याचा हक्क शिक्षण हक्क कायद्याच्या कलम ५ ने दिला आहे. मुख्याध्यापकांनी दाखला तत्काळ दिला पाहिजे, आणि दाखला यायला उशीर झाला म्हणून नव्या शाळेला प्रवेश लांबवता किंवा नाकारता येत नाही.